बाई, उठू का?

या सोमवारी सकाळी तो आवाज पुन्हा आला. मी डब्यात पोळ्या भरत होते. आधी लांबून कुणीतरी भरलेलं पिंप गडगडत आणतंय असं वाटलं, मग एक जाड धप्प, आणि फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या. दोन-तीन सेकंदांचा मामला. यांनी पेपरातून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आले तुझे पाहुणे." हातातली पोळी डब्यात ठेवली, डबा बंद केला, पिशवीत टाकला. भाजी भरायची राहिली हे मला दुपारी शाळेत कळलं.

हे पाहुणे, म्हणजे जमिनीचे हादरे, आमच्या डहाणू-तलासरीकडे येऊन जाऊन असतात. काही काळ गप्प राहतात. माणसं विसरतात, भिंतींच्या भेगा लिंपतात, वर रंगाचा हात देतात, आणि मग एखादी थंडी सरताना ते पुन्हा दारात उभे. पहिल्यांदा आले तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. आता मेअखेर निवृत्त होतेय. तेव्हा निदान घाबरायला अंगात ताकद होती. सोमवारी इको गाडीत खिडकीशी बसून शाळेकडे जाताना मला भीतीसुद्धा धड वाटत नव्हती. नुसता शीण आला होता. पुन्हा तेच, पुन्हा तेच, एवढंच मनात चाललं होतं. आणि दोन दिवसांवर राखेचा बुधवार आला होता, म्हणजे आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायचा होता.

हे दिवस आमच्याकडे राखेचेच. किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाड्या मागे पडल्या, रेल्वेचा पूल ओलांडला आणि गाडी डोंगराकडे वळली की धुराचा वास सुरू होतो. भाताची रोपं जिथं करायची ती जमीन शेतकरी आताच भाजून ठेवतात. पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या, शेण, गवत असं थरावर थर पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. दिवसभर तो आतल्या आत धुमसतो आणि संध्याकाळी पाहिलं तर उघड्या माळावर काळे-करडे चौकोन उठलेले असतात. पावसाळ्यात सगळ्यांत हिरवं तिथंच होतं. हे मी तीस वर्षं बघतेय, तरी दर वर्षी त्या काळ्या चौकोनांकडे पाहून वाटतं की आता इथं काही उगवायचं नाही.

मी मूळची वसईची. चर्चच्या घंटेवर जेवणाच्या वेळा ठरवणाऱ्या घरातली. नोकरीनं मला इकडं आणलं आणि लग्नानं इथंच ठेवलं. राहते डहाणूत, शाळा सायवनच्या अलीकडच्या एका पाड्यावर. दोन खोल्या, दोन शिक्षक, वर कौलं, पुढं बोरिंग, मागं आंब्याचं झाड. पाड्यावर आम्हाला कुणी अहो-जाहो करत नाही. इथं सगळ्यांना अरे-तुरे, उद्या कलेक्टर आला तरी त्यालाही "तू कवा आलास?" असंच विचारतील. सुरुवातीला मला ते खुपायचं. आता डहाणूत कुणी "अहो मॅडम" म्हटलं की तो माणूस काहीतरी विकायला आला असेल असं वाटतं.

त्या पहिल्या वर्षी दिवाळीनंतर आवाज सुरू झाले आणि थांबेचनात. दिवसाला दोन, कधी चार. डहाणूत आमच्या शेजारच्या वाडीवाल्यांनी चिकूच्या झाडांखाली ताडपत्र्या बांधल्या आणि सगळं खटलं तिथं हलवलं. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "घर बांधताना सासऱ्यांनी नारळ फोडला, पूजा घातली, सगळं केलं. जमिनीला विचारायचं तेवढं राहून गेलं." मी वर्गात वाक्प्रचार शिकवत होते, 'पायाखालची जमीन सरकणे'. वाक्यात उपयोग करायला सांगितला, तर चौथीतल्या रमीनं पाटीवर लिहिलं, 'काल जेवताना आमच्या पायाखालची जमीन सरकली आणि बा म्हणाला डाळ सांडू नको.' मी पैकीच्या पैकी दिले. दुसरं काय करणार?

आता ती गोष्ट सांगते, जी मी यांनाही पुष्कळ दिवस सांगितली नव्हती.

आमच्या शाळेपासून दोन टेकड्यांपलीकडे दगडाची खदान आहे. तिथं सुरुंग लावतात आणि त्याचा आवाज बराचसा असाच येतो. सुरुवातीला मला खरंच वाटलं की खदानच आहे. मुलं दचकली की मी म्हणायची, "काही नाही, सुरुंग आहे. हाताची घडी, तोंडावर बोट. बसा." मुलं बसायची. पंधरा दिवसांत पेपरात आलं, तहसीलमधून माणसं येऊन गेली, सगळ्यांना कळलं की हे सुरुंग नाहीत. मलाही कळलं. पण वर्गात मी तेच म्हणत राहिले. खरं सांगितलं तर पोरं शाळेत येणार नाहीत, आलेली रडतील, आणि रडणारी पोरं मी कशी सांभाळू? खोटं सोयीचं होतं. दर वेळी जमीन हलली की मी फळ्याकडे तोंड करून म्हणायची, "सुरुंग आहे, बसा," आणि खडू घट्ट धरायची.

तालुक्याहून एक साहेब प्रशिक्षणाला आले होते. भूकंप आला की मुलांना बाकाखाली बसवा, म्हणाले. आमच्या शाळेत बाक नाहीत, सतरंज्या आहेत. मी तसं सांगितलं, तर साहेबांनी थोडा विचार केला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्या वर्षीच्या उपवासकाळाचा पहिला शुक्रवार होता. दुसरे गुरुजी मीटिंगला तलासरीला गेले होते, म्हणून चारही वर्ग माझ्याच खोलीत बसले होते. अकराच्या सुमाराला मी पाढे घेत होते. तेराचा चालला होता. आणि तो आला. या वेळी किणकिण नाही, धप्प नाही. आख्खी खोली कुणीतरी खांद्याला धरून हलवावी तशी हलली. वरून कौलांचा आवाज आला, माती पडली. पुढचं मला सलग आठवत नाही. एवढंच आठवतं की मी बोरिंगपाशी उभी होते, चप्पल एकाच पायात होती, आणि खडू अजून हातात होता.

मी मागं वळून पाहिलं. दारातून वर्ग दिसत होता. सदतीस मुलं सतरंजीवर बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. केसांवर माती. एकही हललं नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं ना, सुरुंग आहे, बसा. दाराजवळ बसलेल्या रमीनं तोंडावरचं बोट थोडं बाजूला केलं आणि मला विचारलं,

"बाई, उठू का?"

मी काहीतरी ओरडले असेन, कारण मुलं उठून बाहेर आली. रांगेत आली. मी त्यांना शिकवली होती, तीच रांग. कुणालाही खरचटलं नाही. एक कौल घसरून पडलं होतं, तेही फळ्यासमोर, जिथं मी उभी असते तिथं. मुलांनी थोड्या वेळानं हसून घेतलं. "बाई पहिली आली, बाईचा पहिला नंबर," असं पहिलीतली पोरं म्हणत होती. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

मागं आंब्याखाली चैतीबाई खिचडी रांधत होती. ती पाड्यावरचीच, शाळेचा पोषण आहार तीच करते. तिनं सगळं पाहिलं होतं. मी कोसळल्यासारखी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. ती आता काय बोलेल याची मी वाट बघत होते. तिची नात पहिलीत होती, त्याच खोलीत. चैतीबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं, ताटलीत खिचडी वाढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खा, बाई. पोट हाललां असंल तुझां." मी म्हटलं, आधी मुलांना वाढ. ती म्हणाली, "पोरां जेवतील. तू आधी खा." मी खाल्लं. खिचडी करपली होती, कारण हादऱ्यात तीही पातेलं सोडून उठली असणार. तिनं मला काहीच विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही.

संध्याकाळी मी घरी आले आणि नेहमीप्रमाणे येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. शब्द येईनात. लहानपणापासून झोपेतही म्हणता येणाऱ्या प्रार्थना. पहिली ओळ यायची आणि पुढं रमीचं तोंडावरचं बोट दिसायचं. देवाकडे मागायचं तरी काय? मुलं वाचली होती, मीही वाचले होते. आमच्या प्रार्थनागटातल्या एक बाई भेटायला आल्या. कौल कुठं पडलं हे कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "बघ, देवानंच तुला हाताला धरून बाहेर काढलं." मला इतका राग आला की चहा द्यायचा राहिला. देवानं मला बाहेर काढलं आणि सदतीस पोरांना आत बसवून ठेवलं? असला देव मला नको होता. आणखी कुणी म्हणत होतं की जगात पाप वाढलंय म्हणून धरणी हलते. पाप वाढलं असेल, नाही म्हणत नाही. पण मग ते शोधत देव नेमका आमच्या पाड्यावर, सतरंजीवर बसलेल्या पोरांपर्यंत कशाला येईल? त्या आठवड्यात मी भलतीच चिडखोर झाले होते. हे म्हणाले, "देवाशी भांडतेस म्हणजे बोलणं अजून बंद झालेलं नाही." पेपर वाचता वाचता म्हणाले, त्यांची शहाणपणाची वाक्यं अशीच बेसावध असतात.

आमचं चर्च लहान आहे. त्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता म्हणून त्या उपवासकाळात मिस्सा, म्हणजे आमची सामुदायिक उपासना, बाहेर झाडाखाली ताडपत्रीवर व्हायची. वेदी म्हणजे शाळेतून आणलेलं टेबल. फादर म्हातारे होते, आमच्याच वसईकडचे, मधुमेहानं थकलेले. प्रवचनात ते फार काही सांगत नसत. माणसं दमली होती. किती दिवस उघड्यावर काढायचे? लहान मुलं सर्दीनं फुरफुरत होती, बायकांना दोन-दोन ठिकाणी चूल सांभाळावी लागत होती. मिस्सा चालू असताना एखादं म्हातारं माणूस बसल्या बसल्या पेंगायचं आणि त्याला कुणी उठवत नसे.

एका शनिवारी दुपारी मी पापनिवेदनाला गेले. त्यासाठीचा आडोसा चर्चच्या आत, म्हणून फादर बाहेर खुर्ची टाकून बसले होते, आणि मी शेजारच्या स्टुलावर. मी सगळं सांगितलं. खोटं बोलले, आणि मग पळाले.

त्यांनी खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पुन्हा हललं तर नाही पळणार?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग तसं वचन देऊ नका. शाळा किती वाजता सुटते?"

मला वाटलं, साखर उतरली असेल, काहीतरी भलतंच विचारताहेत. म्हटलं, "साडेचारला."

"खोलीतून पहिलं कोण बाहेर पडतं?"

मला सांगायला लाज वाटली. साडेचारला फाट्यावर गाडी येते, ती चुकली तर तासभर खोळंबा. घंटा झाली की पिशवी खांद्याला लावून मीच आधी निघायची.

"सोमवारपासून तुम्ही शेवटी निघायचं," फादर म्हणाले. "मुलं मोजायची, खोली रिकामी बघायची, मग तुम्ही. रोज. हेच तुमचं प्रायश्चित्त. आणि मुलांना खरं काय ते सांगा."

"त्यानं मी धीट होईन, फादर?"

"ते मला नाही सांगता येणार. माझ्याकडेच धीर बेताचा आहे. पण सवय लावता येते." मग त्यांनी हात वर करून मला पापमुक्त केलं आणि गुडघे चोळत उठले.

सोमवारी मी मुलांना सांगितलं. सुरुंग नव्हता, धरणी हलत होती, मला माहीत होतं आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. मग रमी म्हणाली, "आमाला माहीत होतां, बाई. बा सांगतो."

"मग बसून का राहिलात?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू सांगलंस नं बस म्हणून."

'विश्वास' मी पोरांना पुस्तकातला शब्द म्हणून शिकवला होता. तो असा असतो हे मला माहीत नव्हतं. माझ्यावर ठेवावा इतकी काही मी मोठी नव्हते, पण त्यांनी ठेवला होता, आणि मी पळाल्यानंतरही काढून घेतला नव्हता. त्या दिवशी घरी येताना गाडीत मला रडू आलं. तोंडावर पदर धरून मी खिडकीबाहेर राबाचे काळे चौकोन बघत बसले.

उपवासकाळाच्या शेवटी आम्ही दर वर्षी तीच कथा ऐकतो. येशूला धरून नेतात आणि त्याचे सगळे सोबती पळतात. लहानपणापासून ऐकलेली कथा, आणि लहानपणापासून मी त्या सोबत्यांना नावं ठेवत आलेली. तीन वर्षं त्याच्याबरोबर जेवले-खाल्ले आणि वेळ आली तेव्हा पाय लावून पळाले, कसली माणसं! त्या वर्षी ताडपत्रीवर बसून ऐकताना मी त्यांच्यातच उभी होते, एका पायात चप्पल घातलेली. आणि ईस्टरनंतरची ती दुसरी कथा, तिच्याकडे तर माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तो पुन्हा जिवंत होऊन त्यांना भेटतो, सकाळची वेळ, ते मासेमारी करून दमून किनाऱ्याला लागताहेत. हा काठावर बसून निखाऱ्यांवर मासे भाजतोय. जाब विचारण्याआधी, बोलण्याआधी, त्यांना जेवायला बोलावतो. मी ते ऐकलं आणि मला आंब्याखालची चैतीबाई दिसली. ती ख्रिस्ती नाही. तिचे देव वेगळे, रानातले, हिरवा देव आणि वाघदेव. पण मला येशू कसा असेल हे कुणी विचारलं तर मी आता त्या करपलेल्या खिचडीकडे बोट दाखवीन.

नंतर कधीतरी झाई बंदरावर गेलो होतो, सकाळी, यांच्या मित्राकडे. होड्या लागल्या होत्या, किनाऱ्यावर एक बाई काटक्यांवर बोंबील भाजत होती आणि जाळी ओढून दमलेले पुरुष तिच्याभोवती उकिडवे बसले होते. कुणी बोलत नव्हतं. मी इतका वेळ टक लावून बघत होते की तिनं मलाही एक बोंबील दिला.

शांती म्हणजे जमीन हलायची थांबेल असं मला पूर्वी वाटायचं. तसं काही झालं नाही. त्या वर्षी पावसाळा आला, लोक घरात परतले, आवाज कमी झाले, पुढच्या थंडीत पुन्हा आले, पुन्हा गेले. मीही काही धीट झाले नाही. ट्रक गेला तरी माझा हात भिंतीला लागतो. पण रोज साडेचारला मी शेवटी निघत राहिले. एक, दोन, तीन, अशी मुलं मोजायची, कोपऱ्यात कुणी पाटी शोधत रेंगाळलं असेल तर थांबायचं, खोली एकदा पूर्ण बघायची, आणि मग उंबरा ओलांडायचा. उंबऱ्यावर मी मनात एकच वाक्य म्हणते: प्रभू, आज सगळी बाहेर आली. एवढीच प्रार्थना मला त्या महिन्यांत जमत होती. पुढं बाकीच्याही हळूहळू परत आल्या, पण ही गेली नाही. गाडी कितीदा चुकली. इकोवाला म्हणायचा, "बाई, शाळा उचलून घरी आणताय का?" हे म्हणायचे, "तुझ्या प्रायश्चित्तापायी माझा चहा थंड होतो." फादर दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी हे थांबव असं कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी थांबवलं नाही.

या बुधवारी सकाळी मिस्सेला जाऊन मी कपाळावर राख घेतली. मागल्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी घरोघर नेलेल्या झावळ्या परत आणून जाळतात, तीच ही राख. नवीन फादर तरुण आहेत, क्रूस जरा मोठाच काढतात. शाळेत गेले तर दारातच पोरांनी गाठलं. "बाई, कपाळावर राब भाजलास?" दुसरा म्हणाला, "आथां बाईच्या डोक्यात भात उगवंल." दर वर्षी हाच विनोद होतो आणि दर वर्षी मी हसते. यंदा हसताना वाटलं, हा शेवटचा.

शाळेत यंदा सूरज सर नवीन आलेत. मराठवाड्यातले, नोकरीचं पहिलंच वर्ष, पहिली-दुसरी त्यांच्याकडे. उंचेपुरे, क्रिकेट खेळणारे, पोरांत पोर होणारे. सोमवारच्या आवाजानंतर ते मैदानात उतरले नव्हते. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, इथं असं होत असतं. ते म्हणाले, "बाई, आमच्या घरात याचं नावसुद्धा काढत नाहीत. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आई अजून बंद खोलीत झोपत नाही." मग विषय बदलून त्यांनी हजेरीचं काहीतरी विचारलं.

बुधवारी साडेबाराला, खिचडीचा वास सुटलेला असताना, तो आला. मोठा होता. त्या पहिल्या शुक्रवारइतका नसेल, पण मोठा. माझ्या वर्गातली पोरं दप्तरं डोक्यावर धरून उठली, शिकवल्याप्रमाणे. मी दारात उभी राहिले. तोंड आपोआप मोजत होतं. एक, दोन, तीन. सोळा. खोली पाहिली. उंबऱ्याशी आले आणि शेजारच्या खोलीतून कुणीच बाहेर आलेलं नाही हे लक्षात आलं.

मी आधी तिकडे गेले. एकवीस लहान पोरं सतरंजीवर बसली होती. काही रडत होती, काही नुसती बघत होती. सर नव्हते. दाराजवळच्या एका मुलीनं माझ्याकडे मान वर करून विचारलं, "बाई, उठू का?"

"ऊठ," मी म्हटलं. "सगळे उठा. दप्तर डोक्यावर."

मी त्यांना मोजून बाहेर काढलं. एकवीस. खोली पाहिली. मग मी निघाले. प्रभू, आज सगळी बाहेर आली.

सूरज सर बोरिंगपाशी उभे होते. हातात खडू होता. त्यांचं तोंड मी ओळखलं. सात-आठ वर्षांपूर्वी ते माझं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, मुलांकडेही बघत नव्हते, बोरिंगच्या दांड्याकडे बघत होते. मुलं आंब्याखाली जमली होती आणि भीती ओसरली तशी कुणीतरी खुसखुसत म्हणालं, "सर पहिला आला." सरांनी डोळे मिटून घेतले.

मी चैतीबाईच्या चुलीकडे गेले. ती आता वाकलीय, पातेलं उचलायला सून लागते. तिनं माझ्याकडे पाहिलं, बोरिंगकडे पाहिलं, आणि ताटलीत खिचडी वाढली. मग माझ्याकडे पुन्हा पाहून दुसरी ताटली घेतली. माझा राखेच्या बुधवारचा उपवास तिला ठाऊक आहे. या दिवशी आम्ही एकच वेळ जेवतो आणि ते जेवण मी रात्री घेते, हे तिनं इतकी वर्षं पाहिलंय. तरी तिनं दुसरी ताटली भरली. मी ती घेतली.

"सर," मी म्हटलं, "बसा. खाऊन घ्या."

"मुलं—" ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

"सगळी बाहेर आहेत. मी मोजली. बसा."

ते बोरिंगच्या ओट्यावर बसले. मी शेजारी बसले आणि आधी माझा घास घेतला. त्यांनी खडू खिशात टाकला, हात धुतला, आणि बऱ्याच वेळानं एक घास उचलला. दूर माळावर कुणाचा तरी राब धुमसत होता आणि धूर आमच्याकडे येत होता. ताटली रिकामी होईपर्यंत मी त्यांना काही विचारलं नाही.